पडीक टाकलेला उतार

माझ्यावर विश्वास ठेवून दाखवा बघू. शेणव्याकडचे लोक म्हणतात, म्हातारी दहातलं नऊ फेकते. पण किस्से रानातल्या पाल्यासारखे साचत जातात, किती झाडणार?

लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्याने रान तोडून डोंगराच्या उतारावर नागली लावलेली. सगळं घर त्यावर जगायचं. जंगलाचा गारड यायचा, फांदी तोडली म्हणून दम द्यायचा नि कोंबडी मागायचा. एकदा मी सगळ्यात म्हातारी कोंबडी दिली. चार दिसांनी गालाला हात लावून आला. "वहिनी, दात गेला." मी बोलले, "कोंबडीचा?"

रोपं करायच्या आधी ऐनाच्या फांद्या छाटून जमिनीवर जाळायच्या, त्याला आमी राब म्हणतो. गारड छाटू देईना. मंग मी उतारावरच्या पाच ऐनांना शेंदूर फासला, बोलले देव निघालाय, दर साली फांद्या उतरवायला लागतात. गारडाने पायताण काढून हात जोडले. पण सासरा कोयता घेऊन गेला नि तसाच परत आला. "देवावर कोयता चालवू?" शेंदूर मीच लावला म्हणून शपथ घेतली, त्याला पटेना. त्या साली राब नाय, रोपं बोटभर. नागली पौषातल्या म्हशाच्या जत्रेआधीच संपली. तेव्हापासून मस्करी कमी केली. थोडी.

दोन-तीन साल पिकवलं की उतार पडीक टाकायचा, झुडपं वाढू द्यायची, मातीला दम घेऊ द्यायचा, ही आमची रीत. सासऱ्याने टाकला. झुडपं डोक्याएवढी झाली नि गारड बोलला, हे तर जंगल. चार कोपऱ्यांना दगड रोवून गेला.

शेजारी हसले. त्यांनी आपले उतार पडीक टाकलेच नायत, दर साली नांगरले. चार पावसात माती ओढ्यात गेली, हसू पण.

मंग लढाई आली, पेट्रोल मिळेना, मोटारी लाकडाच्या कोळशावर चालायला लागल्या. ठेकेदाराने आमचा उतार देवासकट तोडून भट्टीत घातला. फांदीला नाय म्हणणारा गारड उभा राहून ओंडके मोजायचा.

तीन पावसाळ्यांनी गारडाने दगड उपटले. "म्हातारबाबा, हे आता जंगल नाय. तुमचं तुमी घ्या."

सासरा रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन भर पावसात वर गेला. मी मागून भाकर नेली. उतारभर नुसता कातळ, धुतलेला. सासरा एकेक भेग बोटाने चाचपत होता. दुपार टळली तशी जुड्या घेऊन खाली आला. अंगणातल्या फुटक्या मडक्यात माती भरली, चार रोपं खोचली नि मला बोलला, "हे आत ठेव गो. वाढलं तर गारड नेईल."

जा आता तुमी.