सातवं पान

आमच्यासारख्या ऑफिसात किस्से साठायला वेळ लागत नाही. अमेरिकेतल्या पेशंटचे कागद, म्हणजे चार्ट, दिवसभर स्क्रीनवर वाचायचे आणि प्रत्येक दुखण्याला, जखमेला ठरलेला कोड लावायचा. याला मेडिकल कोडिंग म्हणतात. माधवनगरात वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मी तिथं ऑडिटर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते! हसण्यासारखे किस्से मी सगळ्यांना सांगते. एक मात्र अजून कुणाला सांगितलेला नाही.

*

आमची आई सांगलीभर सांगत सुटलेली, "आमची लेक अमेरिकेच्या दवाखान्यात हाय!" मग काय, शेजारच्या मावशी गुडघा धरून दारात हजर.

"मावशी, मला औषध नाही येत हो, नुसता कोड येतो."

"मग त्योच दे की!"

दिला लिहून. ती चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये जपून ठेवलीय, आणि आता गुडघा दुखत नाही म्हणतात!

*

सुभेदार काका आमच्या ऑफिसात वयानं सगळ्यात मोठे. कवठे महांकाळचे, फौजेत नर्सिंगचं काम करून रिटायर झालेले. पहिल्याच आठवड्यात त्यांना बदकानं चोच मारलेला पेशंट आला. अशा जखमेलाही कोड आहे बरं का! सगळा हॉल हसतोय, आणि काका गंभीर.

"बदक पाळीव हुतं का रानातलं? डॉक्टरनं लिवलंच न्हाई."

"काका, कोड एकच आहे!"

"आसंल. पर जखम कुणाची तरी हाय न्हवं?"

*

ट्रेनिंगला साताऱ्याचे एक सर यायचे. अणुबॉम्बनं जखमी झालेल्या नागरिकांचे कोड आले, तसं सर म्हणाले, "हे पान सोडा. एवढं झालं तर कोड टाकायला कोण उरतंय?"

काका उभेच राहिले. "आवं सर, उरत्यात की. म्हणून तर शेवटाला अक्षर हाय. ए म्हंजी आत्ता उपचार चाललेत, डी म्हंजी बरं हुताना पुन्हा दाखवायला आलाय. आन् एस म्हंजी दुखणं मागं ऱ्हायलंय. त्ये कवाबी येतंय, म्हातारपणीसुद्धा."

मग फौजेत शिकलेलं सांगायला लागले. रक्त वाहत असेल, श्वास अडकला असेल, तर आधी ते. मग बॉम्बची धूळ न उडवता वरचे कपडे उतरवायचे, अंग धुवायचं. "आन् माणसाला घाबरून लांब पळायचं न्हाई." हे सगळं त्यांनी शेजारी बसलेल्या आमच्या संतोषला टेबलावर आडवा पाडून, शर्टाची बटणं काढून करून दाखवलं. सर चहाला निघून गेले!

*

काकांचं एकच वाईट, फार हळू. आम्ही आजची तपासणी वाचायचो आणि पुढं. काका अख्खा चार्ट वाचायचे, सातवं पानसुद्धा. त्या पानावर पेशंटची जुनी हकीकत असते, माहेर, गाव, लहानपण. आमच्यात ते कुणी वाचत नाही. आणि चार्ट संपला की दर वेळी मला विचारायचे, "पोरी, पेशंट बरा झाला असंल का गं?"

"काका, आपल्याला पुढचं कधी कळत नाही! नेक्स्ट घ्या!"

*

महिन्यात तीन मोठ्या चुका झाल्या की लॉगिन बंद, नोकरी गेली. काकांच्या दोन झाल्या होत्या. एकदा घड्याळाकडं बघत म्हणाले, "घरात बसून गंज चढतोय पोरी. ही खुर्ची टिकू दे बस्स." त्याच महिन्यात एका म्हातारीचा चार्ट आला, अमेरिकेतल्या कुठल्या तरी छोट्या गावातली. पाठीवर भाजल्याचे जुने व्रण. काकांनी कोड टाकला: अणुबॉम्बची होरपळ, नागरिक, एस.

मला वाटलं, काकांचं काहीतरी भलतंच! आधार नाही असा शेरा मारून मी तिसरी चूक धरली.

काका टेबलापाशी आले. "सातवं पान बघ की पोरी."

"काका, टार्गेट राहिलंय माझं! वाद नको आता."

काकांनी आयकार्ड गळ्यातनं काढलं, पट्टी नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. मी मान वर केली नाही.

*

काका गेल्यावर माणसं कमी पडली, म्हणून मीही चार्ट घ्यायला लागले. आणि तीच म्हातारी पुन्हा आली, माझ्याच वाट्याला. या वेळी मी सातवं पान उघडलं. एकच ओळ होती. लहानपणी, हिरोशिमात, अंगणात खेळताना पाठ भाजली.

लाज वाटली. लय लाज वाटली! काकांचाच कोड जसाच्या तसा टाकला. शेवटच्या पानावर डॉक्टरनं तिच्या मृत्यूची वेळ लिहिली होती.

*

मॅनेजरशी भांडून काकांची चूक पुसून घेतली. रविवारी एसटीनं कवठे महांकाळ गाठलं. काका अंगणात शेळीच्या पायाला पट्टी बांधत होते. आयकार्ड त्यांच्यापुढं धरलं.

"काका, माझं चुकलं. तुमचा कोड बरोबर होता. खुर्ची तशीच ठेवलीय. उद्यापासनं या."

काकांनी पट्टीची गाठ मारली, हात धुतले, आयकार्ड घेतलं.

"माझं ऱ्हाऊ दे गं," म्हणाले. "ती म्हातारी बरी हाय का?"

"बरी हाय, काका," मी म्हणाले.