विजयकर सर तारीख मागतात

शनिवारची दुपार. ऑफिसला सुट्टी, त्यामुळे अख्ख्या मजल्यावर मी एकटी. सोमवारपासून मी या फर्मची पार्टनर. नवी केबिन जरा लावून घ्यावी म्हणून आले, चार पुस्तकं मांडली आणि खुर्चीत टेकले. एसीच्या घरघरीत डोळे जड होतात, मिटतात, पुन्हा उघडतात. दार ढकलून विजयकर सर आत येतात.

सर जाऊन वर्ष झालं. मी भेटायलाही गेले नव्हते.

"काय टिपणीस, परत आलीस?"

"बोलावलं म्हणून आले. निशिकांतनं."

निशिकांत त्यांचा पुतण्या. आम्ही दोघं एकदमच पार्टनर व्हायच्या रांगेत होतो. सरांनी मला डावलून त्याला घेतलं. मी वर्तमानपत्रांचे खटले लढायचे आणि सरांच्या मते ती वकिली नव्हती, समाजसेवा होती. मी राजीनामा तोंडावर फेकून एका दैनिकात गेले. तिथेच केस पांढरे झाले. आता मालिका बनवणाऱ्या बड्या कंपन्या फर्मच्या अशील झाल्यात, त्यांच्या पटकथा कायद्याच्या चाळणीतून काढायला कोणीतरी हवं, तेव्हा कुठे निशिकांतला माझी आठवण झाली.

"अभिनंदन करू का?" सर विचारतात.

"राहू दे."

माझी खुर्ची छापखान्यात आहे. यंत्रं फिरताहेत, पण आवाज नाही. सर ओल्या शाईचं पान माझ्यापुढे धरतात. त्यांच्याच निधनाची बातमी. दैनिकात छापण्याआधी बातम्या कायद्याच्या नजरेनं वाचणं हेच माझं काम होतं, त्यामुळे हात आपसूक पेन शोधतो.

"'निःस्पृह' लिहिलंय. पुरावा काय?"

"काढून टाक."

"'अनेक तरुण वकिलांना घडवलं.'"

"तिथे 'कथित' घाल," सर म्हणतात आणि मनापासून हसतात. हे हसणं मला आवडायचं. अजून आवडतं, याचीच चीड येते.

"सर, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार ना."

"तेव्हा मी लायक होते की नव्हते?"

कोर्टाचा लांबलचक व्हरांडा. दोन्ही बाजूंच्या बाकांवर माणसं बसलीत आणि सगळी माझ्याकडे बघताहेत. सरांच्या अंगावर गाऊन आहे, पाय अनवाणी. ते घड्याळ बघतात.

"पुढची तारीख घेऊ या का?"

"तुम्ही गेलायत, सर. पुढची तारीख कुठून आणणार?"

बाकांवरचं कोणीतरी खोकतं. सर गाऊनची बाही सारखी करत राहतात. खूप वेळ.

"होतीस," ते म्हणतात. "निशिकांतपेक्षा कितीतरी पटीनं. मला तेव्हाही माहीत होतं."

"मग?"

"तो घरचा होता गं."

इतकी वर्षं मी समजत होते की सरांची पारख चुकली. चुकीवर मी चिडले, भांडले, आणि शेवटी मनातल्या मनात ती माफही केली होती. चूक नव्हतीच. समजून उमजून केलं होतं. मला रडू फुटतं आणि ह्या माणसासमोर रडतेय म्हणून स्वतःचा संताप येतो.

"आता मिळालं ना सगळं?" सर विचारतात. "केबिनही माझीच मिळाली."

"ज्या वयात हवी होती ते वय द्या मला परत."

पुन्हा केबिन. सर दाराकडे निघतात आणि उंबऱ्याशी थांबून मागे वळतात. सर खोलीतून निघाले की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, ही फर्मची जुनी शिस्त. कोणी उठायचं राहिलंय का, हे ते असेच वळून बघायचे. मी खुर्चीचे हात गच्च धरते.

"मी उठणार नाही, सर. आता पार्टनर आहे मी."

ते वाट बघत उभे राहतात. त्यांना कसलीही घाई नाही.

जाग येते. एसी चालू आहे, दार बंद आहे. मी टेबलामागे ताठ उभी आहे, हात अंगालगत. खुर्ची मागे उलथून पडलीय आणि तिचं एक चाक अजून गरगरतंय.