तांदूळ निवडण्यापुरती नजर

फुला कुणबीण मेलेल्याच्या डोळ्यानं बघते, असं सुप्याच्या बाजारात लोक आजही बोलतात. तिनं खणून आणलेले कंद मात्र तेच लोक घासाघीस करून घरी नेतात. मला या लोकांचा राग आहे. तो बाजूला ठेवून तिची हकीकत लिहायला मी बसले होते, पण जमलं नाही. तेव्हा रागासकट लिहिते.

फुलाचं सासर कुंभारवाड्याच्या पलीकडच्या रानात, चार घरांची वाडी. नवरा नागू, सासू केशर, आणि एक मुलगी, देवकी. रान जाळून नाचणी पेरायची सरकारनं मनाई केली तेव्हापासून या लोकांना घरचं धान्य वर्षभर पुरत नाही. उरलेले महिने जंगलखात्याची लाकडं तोडायची आणि रानातले कंद खणायचे. कंद खणणं लोकांना ताकदीचं काम वाटतं, पण खरं ते डोळ्यांचं. वेल हिरवा असतो तेव्हा कंद कोवळा असतो. तो भरतो तोवर वेल वाळून गळून जातो, आणि जमिनीत शिरणारा सुतळीएवढा वाळका धागा तेवढा मागं राहतो. पाचोळ्यात तो धागा ज्याला दिसला त्याला कंद मिळाला. फुलाला तो चालता चालता दिसायचा.

ती कुंभारवाड्यात आमच्या दारी कंद घेऊन यायची तेव्हा मी विचारायची, "फुला, वास येतो का गं तुला?"

"वास डुकराला येतोय, अक्का. मला दिसतंय."

देवकी पोटात होती त्या साली ते सुरू झालं. संध्याकाळची ती आमच्या ओसरीवर टेकली होती. तुळशीकडे बघत म्हणाली, "आज एवढं दिवं का लावल्यात वो?"

दिवा एकच होता.

केशरनं मीठमिरच्या ओवाळल्या, अंगारा लावला, पोतराजाला विचारलं. बेळगावहून आलेल्या फेरीवाल्याचे सगळे चष्मे फुलानं घालून बघितले. एकानंही फरक पडला नाही. चंद्र बघितला तर चंद्रांचा घोस दिसायचा, माणूस बघितलं तर त्याच्या खांद्यामागं आणखी तोच माणूस. पाचोळ्यात धागे इतके दिसायला लागले, की खरा कुठला ते कळेना. पहिल्यांदा ती रिकामी बुट्टी घेऊन परतली तेव्हा केशर अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "रानात निजली हुतीस काय गो?"

देवकी चार वर्षांची झाली तरी हे असंच. शेवटी मीच नागूच्या मागं लागले, आणि आम्ही तिघं गाडीनं लोंढ्याला आणि तिथून आगगाडीनं बेळगावला गेलो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची गोष्ट. मुंबईचे एक डोळ्यांचे डॉक्टर, विलायतेत शिकून आलेले, तिथल्या एका दवाखान्यात येत असत. त्यांनी पुष्कळ वेळ तपासलं आणि सांगितलं, की बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होऊन पुढं ओघळला आहे, पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबतो तसा. चष्म्यानं तो जागेवर येणार नाही. वाटा दोन. एक, काचेची पातळ वाटी मिठाच्या पाण्यानं भरून पापणीखाली बसवायची. ती असेल तोवर दिसतं, पण फार वेळ सोसत नाही. काढावी लागते, धुवावी लागते. दुसरी वाट, तो पडदा मधोमध कापून काढायचा आणि तिथं मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा बसवायचा. हे काम नवीन. साधलं तर दिवसभर दिसेल. काहींचा पांढरा पडतो, मग आहे तेही जातं.

हे सगळं ते नागूला सांगत होते. फुला मध्ये स्टुलावर बसलेली, आणि बोलणं तिच्या डोक्यावरून चाललेलं, गुरांच्या बाजारात चालतं तसं.

"डोळे तिचे आहेत. तिला विचारा की," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. "घरी ठरवून या बाई."

घरी! त्या घरात कढीत मीठ किती घालायचं हेसुद्धा तिला कुणी ठरवू दिलं नव्हतं.

परतताना आगगाडीत तिनं मला विचारलं, "अक्का, ते कातडं पांढरं न्हाई पडलं तर?"

"तर दिवसभर दिसेल."

"दिवसभर," ती म्हणाली. मग, "काढाय नगो, धुवाय नगो. माझं मला." नागू खिडकीतून बाहेर बघत होता. माणूस वाईट नाही तो. आईपुढं त्याला तोंड नाही, एवढंच.

वाडीवर गेल्यावर देवाला कौल लावायचं ठरलं. आमच्याकडची रीत अशी, की देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न घरच्या पुरुषानं मांडायचा, जातीच्या बुधवंतासमोर, म्हणजे मुख्यासमोर. बायका देवळाच्या खांबांबाहेर. बुधवंत येसू पुढं बसला, आणि नागूनं आईनं पढवलेलं म्हटलं: "देवा, मेल्याचं कातडं घरात आलं तर घराला बरं व्हईल काय?"

डावी पाकळी पडली.

मी रोज देवापुढं दिवा लावते, आणि कौल खोटा असतो असं म्हणणार नाही. देवाला जे विचारलं त्याचं त्यानं उत्तर दिलं. घराबद्दल विचारलं, घराबद्दल सांगितलं. फुलाच्या डोळ्यांचं त्या प्रश्नात नावही नव्हतं. प्रश्नच लबाड होता, आणि तो लबाड प्रश्न देवाच्या तोंडावर टाकून सगळे जेवायला गेले.

तर बेळगावहून काचा आल्या. मान खाली घालून, वाटीतलं पाणी न सांडता ती डोळ्यात बसवायला फुला शिकली. पहिल्यांदा घातल्या तेव्हा तिनं देवकीला हनुवटीला धरून उजेडात ओढलं आणि ओरडली, "हिच्या भुवईत तीळ हाय! अक्का, तीळ हाय वो हिला!" चार वर्षांच्या लेकीचा तीळ तिला त्या दिवशी दिसला.

काच थोडा वेळ बरी असायची. मग धुकं धरायचं, डोळे लाल व्हायचे, आणि चुलीच्या धुरात तर आग आग. म्हणजे दिवसातली मोजकी नजर तिच्या वाट्याला. ती कुणाच्या कामी यावी हे कुणी ठरवलं असेल?

"काच घाल गो, तांदूळ निवडायचं हाय."

"फुला, काच घाल बाय, माझ्या पायात काटा मोडलाय."

शेजारणी वाकळा घेऊन यायला लागल्या, सुईत दोरा ओवून घ्यायला. पोरांच्या डोक्यातल्या उवासुद्धा तिनंच बघायच्या. सगळ्यांचं होईतोवर धुकं आलेलं असायचं. रानात जाते म्हटलं तर नागू म्हणायचा, "काच रानात पडली तर?" म्हणजे ज्यासाठी तिला डोळे हवे होते तेवढं सोडून बाकी सगळ्याला त्या काचा चालत होत्या. केशर तर पाहुण्यांना मिरवून सांगायची, "आमच्या सुनंनं निवडलेल्या तांदळात खडा घावायचा न्हाई."

पुढच्या फाल्गुनात नागूच्या चुलतभावाचं लग्न होतं, म्हणून मी वाडीवर गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, सुपांत तांदूळ. फुलाचे डोळे आदल्या दिवसापासून गुंजेसारखे लाल. केशर आली आणि म्हणाली, "काच घाल."

फुला आत गेली, काचांची डबी घेऊन आली आणि सासूच्या हातात ठेवली.

"ह्या घ्या, आत्ती. तुमी घाला नि निवडा."

"काय म्हनलीस?"

"तांदळापुरत्याच हायत न्हवं? मग तुमी घाला."

"देवाचा कौल हाय तुला काचंचा!"

"कौल घराला हाय. डोळं माझं हायत."

एवढं बोलून ती देवळाकडे चालायला लागली. मागून अर्धं लग्नघर निघालं, मजा बघायला. येसू बुधवंत देवळापुढंच पान लावत बसला होता. तिला खांबाशी थांबलेली बघून म्हणाला, "बाईमाणूस कौल लावत न्हाई, पोरी."

"कौल लावाय न्हाई आलो, मामा. सांगाय आलोय." तिनं हात जोडले. "देवा, मी बेळगावला जातोय. कातडं बसवून घेतोय. पांढरं पडलं तर माझं पडंल, घराचं काय जात न्हाई. तुला कळावं म्हनून सांगितलं."

"आनि देव नगो म्हनाला तर?" येसूनं विचारलं.

"वाट लांब हाय. आडवायचं असंल तर वाटंत आडवंल."

कुणी हसलं नाही. देवाच्या अंगावरची आदल्या दिवशीची फुलं होती तशीच होती. लग्न उरकल्यावर नागूनं बैल जुंपले. मनापासून की लाजेनं, मला ठाऊक नाही. लोंढ्यापर्यंत तो बैलांशी बोलला, बायकोशी नाही.

पडदा बसवल्यावर दवाखान्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या, आणि उताणं पडून राहायचं. खोकायचंसुद्धा नाही. रानात हिंडणारी बाई तशी कितीतरी आठवडे पडून होती. मी जवळ बसून जप करायची. ती म्हणायची, "मोठ्यानं करा, अक्का. एवढं तरी दिसूंद्या." ज्याचा पडदा तिला मिळाला तो कोण, कुठला, काही सांगितलं नाही. ती रोज त्याच्या नावानं, नाव माहीत नसताना, हात जोडायची.

डावा डोळा साधला. आधीसारखा नाही, पण एका दिव्याचा एकच दिवा झाला. उजवा करायचा राहिला. लढाई सुरू झाली आणि डॉक्टर फौजेत गेले.

घरी केशरनं फुलाची चूल गोठ्याशेजारच्या पडवीत मांडून ठेवली होती. तिच्या हातचं शिजलेलं घरात चालणार नाही. तिनं देवापुढं दिवा लावायचा नाही. चातुर्मासात इतकी वर्षं पोथी ऐकते मी, हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला कुणीतरी दाखवावं. आणि नागू? तो आत आईच्या पंगतीला जेवायचा.

माघात फुला देवकीला घेऊन रानात गेली. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. दोघी उन्हं कलता परतल्या, मातीनं माखलेल्या, आणि बुट्टी शिगोशीग भरलेली. केशर दारातच उभी. तिनं पदर खोचला आणि कंद उचलून उचलून आत न्यायला लागली.

माझ्यानं राहवलं नाही. "केशरबाई, मेल्याच्या डोळ्यानं हुडकलेलं कसं चालतं हो?"

"मातीतलं हाय ते," ती म्हणाली. "मातीला इटाळ नसतोय."

मी आणखी बोलणार होते, पण फुलानं माझ्या कोपराला धरून मला पडवीत नेलं. बुट्टी तिनं बरोबर आणली होती. तळाशी पाचोळा होता. तो तिनं बाजूला सारला. खाली पोराच्या मांडीएवढा कंद, सगळ्यांत थोरला.

"ह्यो त्यास्नी दिसला न्हाई," फुला म्हणाली, आणि चूल पेटवायला बसली.