माझ्या बैलावरून त्याची उडी

दुबईत अल कुसैसच्या आमच्या खोलीत आठ खाटा होत्या आणि एक बैल होता. बैल माझा. मी कंपनीची बस चालवतो, त्यामुळे ऐकायला रोज चाळीस माणसं आयती मिळतात, आणि चार वर्षं बोलून बोलून मी तो बैल चांगला पोसला होता. पहिल्या वर्षी साधा खोंड होता. चौथ्या वर्षापर्यंत त्याच्या शिंगात विजेच्या तारा अडकून सगळं गाव अंधारात जायला लागलं. गावच्या बेंदराला, बैलांच्या सणाच्या दिवशी, हे धूड माझ्या अंगावर धावून आलं, मी जागच्या जागी उडी घेतली, आणि खालून त्याला निघून जायला इतका वेळ लागला की वर असताना मी टोपी सरळ केली.

खरं तर त्या दिवशी मी शाळेच्या भिंतीवर बसलो होतो, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

मग खोलीत कोल्हापूरकडचा एक शटरिंगच्या फळ्या ठोकणारा सुतार आला. ट्यूबलाइटएवढा बारीक, आणि तोंडात शब्द मोजून सातआठ. त्याला मी बैल ऐकवला. बाकीचे हसले, त्यानं फक्त विचारलं, "दादा, उतरलात कुठल्या पायावर?"

"दोन्ही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि ताट धुवायला गेला. ती मान मला आठवडाभर टोचत होती. खोलीतल्या रत्नागिरीच्या प्लंबरनं त्याला खोदून विचारलं, तर म्हणाला, "आमच्याकडं बेंदराला मारतात उड्या. मीबी मारल्यात थोड्या." थोड्या म्हणे. मी आयुष्यात एकच मारली, तीही न मारता, आणि तिच्यावर चार वर्षं काढली.

फुजैराला समुद्राजवळच्या मैदानात सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर बैलांची टक्कर असते. दोन बैल डोकी भिडवतात, मागं माणसं दोर धरून उभी, आणि कडेला पिकअप लावून बसलेले अरब. मीच सगळ्यांना बसमधून घेऊन गेलो. वाटेत बैल पारखायचा कसा हे मी सुताराकडे बघून जरा मोठ्यानंच सांगितलं.

तिसऱ्या जोडीच्या वेळी दोर हातातून सुटला आणि काळा बैल वळून आमच्याकडेच निघाला. अजिबात वाढवून सांगत नाही, दुमजली बसएवढा होता. लोक यल्ला यल्ला, चला चला करत पांगले. मी एका अनोळखी पिकअपच्या टपावर कसा पोचलो ते मला आठवत नाही, पण टपाला पडलेला पोचा मी पाहिला.

सुतार तिथंच उभा. त्याच्या मागं खुर्चीत एक म्हातारा अरब बसला होता, त्याला चटकन उठता येईना. सुतारानं चपला काढल्या. बैलाकडे तीन पावलं पळाला, शिंगं खाली गेली तसा वर उठला, आणि पाठीवरून असा पलीकडे गेला की शर्टाचं टोकही लागलं नाही. एका पायावर उतरला. बैलाला समोरचा माणूस कुठं गेला तेच कळेना, तो बावचळून थांबला, तेवढ्यात दोरवाल्यांनी त्याला धरलं. म्हाताऱ्यानं सुताराला छातीशी धरलं, हबीबी हबीबी, म्हणजे लाडक्या, म्हणत खजुराची अख्खी पेटी दिली. इथल्या चार वर्षांत मला हबीबी फक्त पार्किंगमधून हुसकावताना म्हणालेत.

परतताना प्लंबर मागून मला म्हणाला, "मामा, आज टोपी सरळ करायची राहिलीच की." बस इतकी हसली की मी एक वळण चुकलो.

दुसऱ्या दिवशी साइटवर जेवणाच्या शेडमध्ये दीडशे माणसं जमली. सुताराला म्हणाले, सांग. त्यानं भात कालवत सांगितलं, "बैल आला. मी उडी मारली. गेला."

सगळ्यांची तोंडं उतरली. मग एकेक मान माझ्याकडे वळली. "मामा, तुम्हीच सांगा."

काय करावं? माझा बैल तर फुजैरातच मेला होता. आता उरली होती ती जीभ. नाही म्हणालो तर तीही गेली. चांगलं सांगितलं, तर या काटकुळ्याला मीच माझ्या हातानं मोठा करणार. ठरवलं, त्या बैलाचं वासरू करून टाकायचं. तोंड उघडलं, आणि जमेना. वाईट सांगणं मला येतच नाही. बैल वाढत गेला, सुतार हवेत राहिला, लोकांचे घास हातात थांबले. शेवटी राहवेना, मी स्वतःला आत घुसवलं.

"मी टपावरून ओरडलो, गड्या, आता. आणि तो उडाला."

प्लंबर सुताराकडे वळला. "काय रे, ओरडले होते मामा?"

त्यानं घास गिळला. "दादांनी आवाज दिला नसता तर मला उशीर झाला असता," म्हणाला, आणि आमटी मागितली.

टाळ्या पडल्या, कुणी माझ्या पाठीवर थापही मारली. मी त्याच्याकडे बघत बसलो. उडी मी एक वेळ सोसली असती. पण चार वर्षं रोज दोन तास खोटं बोलून मला जे कधी साधलं नाही, ते, खोटं खरं वाटायला लावणं, हा माणूस एका वाक्यात, जेवता जेवता करून गेला. आणि तेही माझ्यासाठी.