न विरघळणारी निळी भुकटी

तेव्हा मी दापोड्याच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. प्लास्टिक रंगवायची निळी भुकटी आम्ही बनवायचो. ती पाण्यात जवळजवळ विरघळतच नसे. ढवळली की पाणी गढूळ व्हायचं, मग हळूहळू गाळ बसायचा. युरोपातल्या गिऱ्हाइकाने विचारलं, हा माल पाण्यातल्या जिवांना किती घातक, धोक्याच्या कोणत्या वर्गात बसतो ते कळवा. बाहेरच्या प्रयोगशाळेत चाचणी करून घेतली. अहवाल आला: चार दिवसांत टाकीतले सगळे मासे मेले.

कारखान्यातलं भुकटी धुण्याचं पाणी गाळखड्ड्यातून शेवटी खाडीलाच मिळत होतं आणि आमच्या गावी, कशेळीला, माझे वडील त्याच खाडीत जाळं टाकायचे.

शेठ म्हणाले, "मॅडम, जी चीज विरघळतच नाही ती मारणार कशी? धोका नाही, असं लिहून टाका."

"मासे मेलेत, शेठ. कशाने, ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

घरी आबांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "टाकीतलं पानी कसं व्हतं?"

"गढूळ. भुकटी तरंगत होती."

"मंग कल्ले बघितले का कोनी? गाळात मासा घुसमटतो. इखच पायजे असं न्हाय."

सकाळी प्रयोगशाळेला फोन केला. मेलेले मासे त्यांनी ठेवले होते. कल्ल्यांवर निळा थर निघाला. पण तेवढ्यावरून विष नाही असं म्हणता येईना. मी चाचणी पुन्हा करायला सांगितली. या वेळी भुकटी दोन दिवस पाण्यात ढवळायची, मग पाणी बारीक गाळणीतून काढायचं. खरोखर विरघळलं असेल तेवढंच त्यात उरेल. त्या नितळ पाण्यात मासे सोडायचे.

ते चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी स्वतःच प्रयोगशाळेत गेले. टाकीजवळ वाकले आणि मासे मोजले. सगळे होते, सगळे पोहत होते. मी शेजारच्या स्टुलावर बसले. तिथल्या बाईंनी न विचारता चहा आणून दिला.

शेठ खूश झाले. "आता तरी लिहा, धोका नाही!"

"लगेच मारत नाही, एवढंच कळलंय. ही भुकटी कुजत नाही, माशांच्या चरबीत साठू शकते. लांबची चाचणी अजून झाली नाही. सगळ्यात सौम्य धोक्याचा वर्ग लिहूया: दीर्घकाळात अपाय होऊ शकतो."

"गिऱ्हाईक पळेल हो."

"खोटं सापडलं तर नक्की पळेल."

मी सही करून कागद पुढे केला, त्यांनी खाली आपली सही केली. गिऱ्हाइकाने कुरकुर केली नाही; फक्त धुण्याच्या पाण्याचं काय करता, असं विचारलं. मग शेठनी दुसरा गाळखड्डा बांधून घेतला, म्हणजे उरलेली भुकटी खाडीत जाण्याआधीच तळाला बसेल.

पुढच्या वर्षी पाण्यातल्या पिसवांवर, म्हणजे मासे खातात त्या बारीक जिवांवर, तीन आठवड्यांची चाचणी झाली. पाण्यात विरघळेल तेवढी भुकटी घालूनही पिसवा जगल्या, त्यांना पिल्लंही नेहमीइतकीच झाली. नियमाप्रमाणे ती धोक्याची ओळ आता काढता येत होती. मी ती खोडली; शेठना पहिल्या दिवशी हवं होतं तेच झालं, पण आता पुराव्यानिशी, आणि केबिनमध्ये एकटीच असताना मी मोठ्याने हसले.