नीटबाईचा दुसरा ब्रेक

नीटबाईची गाडी विकावी की ठेवावी, याबद्दल मत नसलेला माणूस त्या महिन्यात शोधून सापडला नसता. तिच्या मुलाचं मत होतं, सुनेचं होतं, गॅरेजवाल्याचं होतं, आणि ज्याला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही त्या शेजारच्या शिंप्याचंही होतं. नीटबाईला मात्र कोणी विचारत नव्हतं. माझंही मत मी कोणी न विचारता सांगून टाकलं होतं, पण मी त्या गाडीत शिकलेय. तेवढा हक्क मला आहे.

नीटबाई हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. शिकवताना ती "हळू नको, नीट" असं इतक्यांदा म्हणते की तिच्याकडे शिकलेल्या बायकांनीच ते नाव पाडलं. वय अठ्ठावन्न. नवरा लवकर गेला. वीस वर्षं तिने इस्पितळाच्या कपड्यांची व्हॅन चालवली: पहाटे मळक्या चादरी न्यायच्या, दुपारी धुतलेल्या आणायच्या. पुढे इस्पितळाने ते काम दुसऱ्याला दिलं आणि हातावर थोडी रक्कम ठेवली. त्या रकमेतून हिने ही गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सीटपुढे दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून घेतला. शिकाऊ गाडीत हे असतंच. दोन्हीकडच्या पेडलांमध्ये एक लोखंडी दांडा आडवा जातो, शिकवणाऱ्याने आपला ब्रेक दाबला की शिकणाऱ्याचाही दबतो.

तिच्याकडे येतात त्या बहुतेक नवऱ्यांनी किंवा भावांनी शिकवायला नेऊन रडवून परत आणलेल्या बायका. मी गेले तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. माझ्या यजमानांची नजर अधू झाली होती, आणि आता गाडी दारात गंजणार असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी नीटबाई मला म्हणाली, "मावशी, आधी माझे पाय बघा."

मी बघितले. तिने दोन्ही पाय मागे, सीटखाली, एकावर एक घेतले होते.

"हे इथेच राहणार. ब्रेक तुमचा आहे. मी दाबत बसले तर माझा सराव होईल, तुमचा नाही."

एकोणीस वर्षांत तिने तो दुसरा ब्रेक चार वेळा दाबला. चारही वेळा तिला पाठ आहेत: एकदा चेंडूमागे धावलेली मुलगी, एकदा कुत्रा, एकदा अचानक मागे सरकलेली बस. चौथी वेळ माझी, आणि तिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

तर ही गाडी म्हातारी झाली. क्लच गेला, ब्रेकच्या सिलिंडरमधून तेल गळायला लागलं. बारा दिवस गाडी गॅरेजात पडून होती आणि जे बिल आलं त्यात एखादी बरी स्कूटर आली असती. दोन आठवड्यांनी रेडिएटर फुटला. त्यानंतर गॅरेजवाल्याचा फोन आला की आता स्टिअरिंगचं काम निघेल. हा फोन त्याने कोणाला केला? मुलाला. गाडी बाईची, परवाना बाईचा, पैसे बाईचे, आणि फोन मात्र सात किलोमीटर लांब कचेरीत बसलेल्या मुलाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नीटबाई नुसतीच म्हणाली, "सवय आहे, मावशी." मला असल्या सवयी लागत नाहीत.

रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बिल पसरून बसला होता. दोन खोल्यांचं घर. ओट्यासमोरच्या खिडकीतून गाडी दिसते. भांडी घासताना नीटबाईचं लक्ष तिच्यावरच असतं. त्या दिवशीही ती पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती, आणि मुलगा तिच्या पाठीशी बोलत होता.

"आई, भावनेच्या आहारी जाऊ नकोस."

"भावना कुठे आल्या? शिकवायला गाडी लागते."

"मोठे सर अकरा वाजता येतायत. गाडी घेतायत, शिवाय तुला काम देतायत. काउंटरवर. पंख्याखाली बसायचं, फॉर्म भरून घ्यायचे."

मोठे सर म्हणजे बाजारातल्या मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. त्यांच्या नऊ गाड्या आहेत.

"मी फॉर्म भरू?" नीटबाई म्हणाली. "माझं अक्षर तू पाहिलंयस ना?"

"आई."

"आणि नवीन गाडी घेऊन शिकवू म्हटलं तर?"

"या वयात तुला कर्ज कोण देणार?"

मुलगा वाईट नाही. आईची काळजी आहे त्याला. पण काळजीच्या नावाखाली तो तिला एकेक खुर्ची मागे सरकवत होता आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. गाडी गेली की नीटबाईचं शिकवणं संपणार होतं, एवढी साधी गोष्ट. तिलाही ते कळत होतं. ती एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती.

"आजी, तुम्ही तरी सांगा हिला," तो मला म्हणाला.

"मी तुला सांगू का?" मी म्हटलं. त्याने पुन्हा बिलात डोकं घातलं.

मोठे सर काळा चष्मा लावून आले. बॉनेट उघडून बघितलं, टायरला बुटाने ठोकून पाहिलं, आणि म्हणाले, "एक चक्कर मारू. चालवणार कोण? मी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसतो, दुसरी पेडलं बघायचीत."

मी म्हटलं, मी चालवते. मुलाच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझं वय चौऱ्याहत्तर, पण परवाना चालू आहे. नीटबाई आणि मुलगा मागे बसले.

निघाल्यापासून त्या गृहस्थाचे पाय स्वस्थ नव्हते. "हळू. हळू. पुढे वळण आहे." वळण मलाही दिसत होतं. शाळेजवळच्या उतारावर चौक येतो. मी वेळेवर ब्रेक लावायला पाय नेला आणि बघते तर या माणसाचा पाय आधीच त्याच्या पेडलवर, चांगला तळापर्यंत. मी ब्रेक लावत असताना हा मधेच दाबतोच कसा, म्हणून मी त्याला सुनावणार होते. तेवढ्यात त्याने पाय उचलला, पुन्हा दाबला आणि खाली बघितलं.

"गाडी बाजूला घ्या," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "हा ब्रेक मेलाय."

मला आधी समजेना. मग समजलं. त्याने दोनदा तळापर्यंत दाबला होता, आणि गाडीचा वेग तसूभरही उणा झाला नव्हता. चौकात थांबलो होतो ते फक्त माझ्या पायाने.

मी गाडी कडेला लावली. नीटबाई खाली उतरली, रस्त्यावर गुडघे टेकले आणि आत वाकून तिने आपलं पेडल हाताने दाबलं. माझ्या पायाखालचं जागचं हललं नाही. तिने पायपुसणं ओढून काढलं, मोबाइलचा उजेड आत पाडला. आडवा दांडा माझ्या पेडलला जोडलेलाच नव्हता. त्याचं मोकळं टोक वर उचलून पातळ तारेने पक्कं बांधलं होतं. खडखड होऊ नये म्हणून.

विसरलेली गोष्ट लोंबकळत राहते. तार बांधायला माणसाला बसावं लागतं, पक्कड हातात घ्यावी लागते, दोन पीळ द्यावे लागतात.

नीटबाई उठली नाही. तशीच गुडघ्यांवर म्हणाली, "गॅरेजातून गाडी येऊन दहा आठवडे झाले."

मग तिने बोटांवर मोजलं.

"नऊ जणी," ती म्हणाली. "त्यातली एक सहा महिन्यांची गरोदर."

मोठ्या सरांना तेवढ्यात सुचलं. "दहा आठवड्यांत तुम्ही एकदाही ब्रेक दाबला नाही? शिकवायला बसता की फिरायला?" आणि मुलाकडे वळून, "आता किंमत तीच राहणार नाही बरं का. पण घेईन मी. आता तर तुम्ही विकायलाच हवी."

त्या माणसाचा मला राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की पहिल्या प्रश्नात तो बरोबर होता. नीटबाई रोज निघण्याआधी चारही चाकांना हात लावते, आरसे पुसते, दिवे मुलीसमोर लावून दाखवते. पण स्वतःचा ब्रेक ती बघत नसे, कारण तो वापरायचा नाही याचा तिला अभिमान होता. मी तिला हे त्याच रस्त्यावर सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे, मावशी. मला आत्ता तेच दिसतंय." तिचा चेहरा असा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

सोमवारी आम्ही तिघं गॅरेजात गेलो. गॅरेजवाला चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याने खुर्ची मुलाला दिली.

"दादा, त्याचं असं झालं. दांडा बसतो ना, ती पट्टी तुटली होती. या मॉडेलची पट्टी आता येत नाही. आणि मॅडम तर तो ब्रेक वापरतच नाहीत. सगळ्यांना त्याच सांगतात. म्हटलं, कशाला उगाच त्यांना आणखी खर्चात पाडा."

"बिलावर 'दोन्ही पेडलं तपासून दिली' असं लिहिलंय," मी म्हटलं.

"ते छापीलच असतं हो, आजी."

"माझ्याशी बोला," नीटबाई म्हणाली.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण दादा, मी काय म्हणतो, गाडीचं वय झालंय. आज हे, उद्या ते. विकून मोकळे व्हा. मोठ्या सरांकडच्या सगळ्या गाड्या माझ्याकडेच असतात, मी शब्द टाकतो."

आता मला कळलं की स्टिअरिंगचा फोन मुलालाच का गेला होता. मी तोंड उघडणार होते, पण मुलगा उठला. त्याने ती खुर्ची उचलून आईच्या मागे ठेवली.

"आई बोलतेय तुमच्याशी," तो म्हणाला. "माझ्याशी नका बोलू. मला गाडीतलं काही कळत नाही."

दहा वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत शहाणं वाक्य.

नीटबाई बसली नाही. "गाडीने तार बांधली नाही," ती म्हणाली. "मी आता ती विकली तर गावभर काय होईल? जुनी गाडी होती, ब्रेक गेला. तुम्ही सुटलात, मीही सुटले. तार तुम्ही बांधलीत, आणि मी वाकून पाहिलं नाही. गाडीचा यात काही संबंध नाही. मी ती विकत नाही. आणि तुम्ही या बिलामागे लिहून द्या, की दांडा न जोडता गाडी परत केली आणि मला सांगितलं नाही."

"असं कसं लिहून देऊ, मॅडम?"

"पेनाने," मी म्हटलं.

त्याने लिहून दिलं नाही. तेव्हा नीटबाईने ती तार, जशी होती तशी, दोन्ही पिळांसकट कापून पाकिटात घातली. आदल्या दिवशी रस्त्यावरच मुलाने फोटो काढून ठेवले होते. परवाना कार्यालयाकडे तक्रारीचा अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. येईल, नाहीतर मी जाऊन बसेन.

पट्टीचं म्हणाल, तर ती लेथवाल्याने साध्या पोलादाची करून दिली. चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटांच्या कामासाठी नऊ बायकांचा जीव दहा आठवडे टांगणीला ठेवला होता, हे आठवलं की मला आजही जेवण गोड लागत नाही. स्टिअरिंगही त्यालाच दाखवलं. "ग्रीस घाला, दोन वर्षं बघायला नको," म्हणाला.

मग नीटबाई नऊ घरी गेली. फोन करू नकोस असं मी म्हटलं नव्हतं, तिनेच ठरवलं. प्रत्येक दारात उभं राहून जे झालं ते सांगितलं आणि घेतलेली फी पुढे केली. दोघींनी फी घेतली आणि शिकणं बंद केलं. गरोदर मुलीच्या सासूने दार लावून घेतलं, आणि मी तिला दोष देत नाही. नऊ जणींतल्या एका शाळेतल्या शिक्षिकेने मात्र टाळीच वाजवली. "म्हणजे उतारावर थांबले ते माझं मीच? कोणी नव्हतं मागे?"

"तसं खूश होऊ नकोस," नीटबाई म्हणाली. "मागे कोणी नाही हे तुला सांगितलेलं नव्हतं."

सात जणी परत आल्या, त्यात ती गरोदर मुलगीही, बाळंतपणानंतर. आता नियम असा आहे की गाडीत बसण्याआधी शिकणारीनेच नीटबाईच्या बाजूला जायचं, वाकायचं, तिचा ब्रेक हाताने दाबायचा, आणि आपल्या बाजूचा खाली गेला का ते डोळ्यांनी बघायचं. मग नीटबाई बसते आणि पाय सीटखाली घेते, पूर्वीसारखेच. मोठ्या सरांनी अजूनही गाडीचं विचारणं सोडलेलं नाही. मुलगा त्यांना आईचा नंबर देतो.

गेल्या आठवड्यात माझी गाडी धुवायला दिली होती म्हणून मी तिला म्हटलं, बँकेपर्यंत तुझ्या गाडीने जाऊ, मी चालवते. दार उघडून बसायला लागले, तर ही हाताची घडी घालून उभी.

"मावशी, ब्रेक."

"अगं, तेरा वर्षं चालवतेय मी. आणि माझे गुडघे?"

"माझेही आहेत."

मी वाकले. एक हात सीटवर टेकून दुसऱ्याने पेडल दाबलं. पलीकडचं पेडल खाली गेलं.

"लागतोय," मी म्हटलं.

"पुन्हा दाबा," ती म्हणाली. "नीट."