पाहुण्यांसाठी हाकललेली पाखरं

सोमवारचं साताऱ्याचं तिकीट अण्णांनी काढून आणलं, तेव्हाच रविवारी पक्षी बघायला जायचं मी ठरवलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन महिन्यांपूर्वी आमच्या बोळिंजच्या फ्लॅटवर आले. "नवीन डोळ्यानं बघायचं काय, तर समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे!" ही रोजची कुरकुर. खरं सांगते, त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. संध्याकाळच्या चहाला घरात दुसरं कुणी नसतं.

वैतरणेच्या काठच्या राखीव पाणथळीत चित्रबलाक करकोचे उतरलेत, असं शेजारच्यांनी सांगून दुर्बीणही दिली होती. रिक्षावाल्याने जाऊन-येऊन चारशे सांगितले. सकाळच्या थंडीतच जा, पाणी आणि टोपी घ्या आणि मळकट रंगाचे कपडे घाला, असंही शेजारच्यांनी बजावलं होतं. अण्णा मात्र पांढराशुभ्र सदरा घालून निघाले. "बगळ्यांना चालतं, मला का नाही?"

बांधावर संरक्षित क्षेत्राची पाटी आहे. तिच्या अलीकडचं शेवटचं शेत हिराबाईंचं. भात कापून झालं होतं, आता वाल लावले होते. आम्ही मांडवात बसू का विचारताच त्यांनी खाट झाडून दिली, कोरा चहा आणला आणि मागे निघून गेल्या.

दोन तास झाले. आला फक्त एक कावळा, तोही पोह्यांच्या डब्यासाठी. मागून अधूनमधून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज येत होता. कुठे काही बांधकाम असेल, असं मी धरून चालले. अण्णांनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि उद्याची गाडी किती वाजता आहे ते मला दुसऱ्यांदा सांगितलं. मला रडू येईलसं झालं.

शेवटी हिराबाईंनाच विचारलं, "काकू, इथे पाखरं येत नाहीत का हो?"

"येतात ना! सकालपासून किती आली. पन पाव्हने बसलेत म्हनून समदी हाकलली मी. लय घान करतात गो." हातातला डबा त्यांनी अभिमानाने दाखवला.

अण्णा इतके हसले की खाट करकरली. तीन महिन्यांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. आम्ही कशासाठी आलोय हे कळल्यावर हिराबाईंनी डबा वालात फेकला आणि तोंडाला पदर लावून आमच्या शेजारी बसल्या. मी शिंकले तर माझ्यावरच डोळे वटारले.

अर्ध्या तासाने चित्रबलाक उतरले. अण्णांनी दुर्बीण लावली. मग हळूच म्हणाले, "शेपटीजवळ गुलाबी आहे गं. मला दिसतंय."

"बघू मला," म्हणत हिराबाईंनी दुर्बीण ओढून घेतली. "जन्मभर हाकलली, बघितली कदी नाय." त्यांनी ती डोळ्याला लावली आणि दचकल्या. "अगो बाय! मी काय केला नाय, तरी लांब गेली!"

दुर्बीण उलटी धरली होती. अण्णांनी सुलटी करून दिली, आणि मग काही ती त्यांना परत मिळाली नाही. निघेपर्यंत दोघांची ओढाओढ चालू होती.

परतताना आगाशीला भुजिंग खाल्लं. पक्षी बघून आल्यावर कोंबडी खाणं बरोबर नाही, असं म्हणत अण्णांनी दुसरी प्लेट मागवली.

घरी येऊन फोटो बघितले. सगळ्यांत पांढरा सदरा तेवढा स्पष्ट आलाय. संध्याकाळी मी चहा ठेवला. अण्णा तिकीट घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावर ठेवत म्हणाले, "हे रद्द कर. आणि आणखी एक दुर्बीण बघ कुठे मिळाली तर. त्या बाई मला बघू देत नाहीत."